चार घरांचा साहेब

आमचं आडनाव इंग्रजी आहे. खुद्द इंग्लंडातही ते फारसं सापडत नाही म्हणतात; सोलापूर जिल्ह्यात मात्र चार घरं आहेत. ते इथं लिहीत नाही. त्याच्यापायी जे व्हायचं ते होऊन गेलं.

कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात त्या नावाचा एक साहेब होता. त्याच्या हाताखालच्या चौघांना लोक साहेबाच्याच नावानं ओळखायचे. पोरं शाळेत घालताना मास्तरांनी आडनाव विचारलं, चौघांनीही तेच सांगितलं. एवढाच आमचा राजवंश. आज त्यात सोलापुरात भवानी पेठेतला टॉवेलचा कारखानदार, श्रीपूरच्या साखर कारखान्यातला कारकून, एक रिक्षावाला आणि कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला मी, असे आहोत. रक्ताचं नातं कुणाचंच नाही. तरी लग्नात एकमेकांना भाऊबंद म्हणून बोलावतो, आणि भाऊबंदांसारखेच मानापानावरून रुसतो.

साहेब कुर्डुवाडीतच वारला. त्याचं थडगं आधी माझे आजोबा झाडायचे, नंतर माझे वडील, आबा. दर नाताळला झाडू, नारळ आणि थर्मासमध्ये बिनदुधाचा चहा घेऊन आबा जायचे, कारण साहेबाला दूध चालत नसे. साहेबानं आजोबांना दिलेली एक चिठ्ठीही घरी होती : हा माणूस प्रामाणिक आहे, कुठलंही मशीन याच्या हाती द्यायला हरकत नाही. नाव लिहिलेलं नव्हतं, नुसतं ‘हा माणूस’. खंडेनवमीला आजोबांच्या पान्याशेजारी ठेवून तिला हळदकुंकू वाहायचो, त्यानं एक कोपरा पिवळा झाला होता.

गेल्या वर्षी इंग्लंडातून त्याच आडनावाचा एक म्हातारा यायचं ठरलं. जगभरच्या आडनावबंधूंना भेटत हिंडणं हा त्याचा छंद. साहेबाच्या सर्वांत विश्वासू माणसाचं नाव कोरून थडग्याशी दगड बसवायची त्याची इच्छा होती. पत्रव्यवहार कारखानदाराकडं, त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो.

आबा म्हणाले, “दगडावर माज्या बापाचं नाव लागू दे. मग मी मोकळा.”

दादा घरी आला, पोह्यांची दुसरी बशी संपवली आणि म्हणाला, “चिठ्ठी दे की. पाहुण्याला पुरावा लागतो. तुझ्या आज्याचं नाव लागलं न्हाय तर मिशी उतरवीन.”

आबांना न विचारता मी दिली. नोंद केल्याशिवाय एकही पुस्तक मी नोकरीभर बाहेर जाऊ दिलं नव्हतं.

नाताळला थडग्याशी मांडव, फेटे, शाल-श्रीफळ. चार भाषणं झाली. साहेब हयात असता तर ओशाळून उठून गेला असता. पाहुण्यानं पडदा ओढला. दगडावर दादाच्या आजोबांचं नाव होतं. खाली काचेच्या चौकटीत आमची चिठ्ठी. पाहुण्यानं पिवळ्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय?

“आमच्या घरी दरवर्षी हिची पूजा होते,” दादा इंग्रजीत म्हणाला. त्याच्या घरी खंडेनवमीला फक्त मागांची पूजा होते, हे मला ठाऊक होतं. मी तिथं जेवलो आहे.

मी त्याला बाजूला गाठलं. “दादा, हे काय?”

“अरे, आडनाव एकच की आपलं. आजा कुणाचा का असंना.” मिशी जागेवर होती, नुकतीच काळी केलेली.

आबांनी दगड वाचला. मग काच पाहिली. “आपला कागद ह्येच्याकडं कसा?”

“मी दिला.”

आबा दादापाशी गेले. पिशवीतून झाडू काढला आणि दादाच्या हातात दिला. “घ्या. आजा तुमचा, आता झाडू बी तुमचा.” लहानपणापासून ज्याला अरेतुरे केलं, त्याला.

पाहुण्याला हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यानं टाळ्या वाजवल्या. फोटोग्राफर म्हणाला, “दादा, जरा वाकून.” दादा फेटा सावरत वाकला.

फाटकाशी आबा वळले. “डोक्याकडची पानं ऱ्हायली की!” ओरडले आणि चालू लागले. थर्मासमधला चहा तसाच घरी आला.

चिठ्ठीबद्दल आबा माझ्याशी अजून बोललेले नाहीत. यंदा खंडेनवमीला त्यांनी पाना मांडला, शेजारी वीतभर जागा मोकळी सोडली आणि हळदीची वाटी माझ्याकडं सरकवली.