सिसिलियाबाई आणि अडलेला गिअर

सिसिलियाबाई गाडी अनवाणी चालवायच्या. दार उघडलं की आधी चपला काढून सीटखाली सरकवायच्या, साडीच्या निऱ्या आवरून घ्यायच्या आणि मग पेडलांवर पाय ठेवायच्या. पहिल्यांदा मी त्यांच्या शेजारी बसले तेव्हा माझं लक्ष रस्त्यापेक्षा त्यांच्या पायांकडेच होतं. त्यांनी ते टिपलं. "चपलेला काय कळतंय? पायाला कळायला पाहिजे," असं म्हणून त्यांनी माणिकपूरच्या गर्दीतून गाडी अलगद बाहेर काढली.

मी साताऱ्याकडची, वसईत नवी. माणिकपूरच्या शाळेत मी मराठी शिकवायचे, त्या चित्रकला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या शाळेत गाडीतून येणाऱ्या शिक्षिका त्या एकट्याच. गाडी लाल, छोटी, जुनी. माझी खोली त्यांच्या वाटेवर होती, म्हणून रोज मला सोबत घ्यायच्या आणि वाटेत केळीच्या जातींपासून फादरांच्या लांबलेल्या प्रवचनापर्यंत सगळं सांगायच्या.

वर्गात त्यांना एक शब्द खपत नसे. चित्र अर्धवट ठेवून कोणी "होईल, बाई" म्हटलं की त्या शांतपणे विचारायच्या, "होईल म्हणजे कोण करील? मी, का तुझी आजी?" मुलं हसायची आणि रंगाचा ब्रश उचलायची. स्टाफरूममध्ये मुख्याध्यापकांनाही त्यांनी एकदा हाच प्रश्न विचारला होता. फक्त आजीचा उल्लेख तेवढा गाळला.

गाडी खरं तर त्यांच्या नवऱ्याची, इनासभाऊंची. मुंबईत कारकुनी करायचे, पण जीव सगळा गाडीत. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की बॉनेट उघडून बसायचे म्हणे. मग त्यांना पक्षाघात झाला आणि डावी बाजू लुळी पडली. गिअर टाकायचा हात डावा, क्लच दाबायचा पायही डावा. व्यायामानं काठी टेकत चालता येऊ लागलं, जीभही बरीच सुटली. पण भाऊ बोलेनात. ओटीवर खुर्ची टाकून गाडीकडे पाठ करून बसायचे. गाडीत बसायचं तर नावच काढत नसत. डॉक्टरांकडेही रिक्षानंच जायचे. बाईंनी मग पन्नाशीच्या उंबरठ्यावर गाडी शिकून घेतली. "घरात दोन माणसं आणि एक गाडी. तिघंही गप्प बसली तर कसं चालायचं?" असं मला म्हणाल्या होत्या.

त्या वर्षी गाडीची क्लचप्लेट गेली. गोखिवऱ्याच्या एका गॅरेजात नवी बसवून घेतली आणि दुसऱ्याच दिवशीपासून गिअर पडेना. पहिल्या गिअरसाठी दांडा दोन्ही हातांनी रेटावा लागे. रिव्हर्स टाकताना तर असा आवाज येई की रस्त्यावरची कुत्री उठून उभी राहत. बाई गॅरेजमध्ये गेल्या तर उस्ताद म्हणाला, "नवीन पार्ट आहे मॅडम, चालवा. सेट होईल."

होईल! बाईंचा चेहरा मला बघवेना.

तरी दोन-चार दिवस त्यांनी कळ काढली. मग एका सकाळी माणिकपूरच्या रिक्षा स्टँडसमोरच गाडी अडली. पहिला गिअर काही केल्या पडेना. मागून हॉर्न, बाजूनं सल्ले. एक रिक्षावाला म्हणाला, ऑईल संपलंय. दुसरा म्हणाला, गाडीच काढून टाका. बाईंनी सरळ इंजिन बंद केलं. बंद गाडीत गिअरचा दांडा मागे-पुढे करून पाहिला, तर सगळे गिअर मुकाट पडत होते. मग गाडी पहिल्या गिअरमध्येच ठेवून, क्लच तळापर्यंत दाबून त्यांनी चावी फिरवली. गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि माझं डोकं काचेपर्यंत जाऊन आलं.

"बघितलंत?" बाई खूश होत्या. "मी क्लच दाबून धरलाय, तरी निघाली! म्हणजे गिअरबॉक्सला काही झालेलं नाही. क्लचच पुरता सुटत नाहीये."

संध्याकाळी त्या पुन्हा गॅरेजात गेल्या. मीही सोबत होते. उस्तादानं बॉनेटखालच्या तारेचा नट आवळता येईल तेवढा आवळला. पेडल दगडासारखं झालं, गिअर मात्र जेमतेम सुधारला. "आता गिअरबॉक्स उतरवायला लागेल," तो म्हणाला. बाईंनी गाडी उचलली आणि थेट घरी आणली.

भाऊ नेहमीप्रमाणे ओटीवर पाठमोरे बसले होते. बाईंनी गाडी वळवून लावण्यासाठी रिव्हर्स टाकला. कर्रर्र! भाऊंची मान किंचित हलली. बाईंनी ती हालचाल आरशात पाहिली असावी, कारण त्यांनी दांडा परत न्यूट्रलला आणला आणि पुन्हा रिव्हर्सकडे ओढला. मी शेजारीच होते, मला स्पष्ट दिसत होतं. या वेळी त्यांनी क्लचवर पायच ठेवला नव्हता.

मघापेक्षा दुप्पट आवाज झाला. आंब्यावरचे कावळे उडाले.

"अगो, दात पाडशील गिअरचे!" भाऊ खुर्चीतून अर्धे उठून ओरडले. "क्लच दाब, क्लच!"

मी त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. बाईंनी इंजिन बंद केलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून अगदी साध्या सुरात म्हणाल्या, "दाबलाय तरी सुटत नाही. तुम्हीच या आणि बघा."

भाऊ काठी टेकत आले. त्यांनी मला ड्रायव्हरच्या जागेवर बसायला सांगितलं आणि बाईंना बॉनेट उघडायला लावलं. "दाब... सोड... परत दाब." मी आयुष्यात पहिल्यांदा क्लच दाबत होते. भाऊ उजव्या हातानं टॉर्च धरून आत वाकले होते. थोड्या वेळानं ते हसले. पेडलपासून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या तारेवरचं कव्हर त्याच्या खाचेत बसलंच नव्हतं. पेडल दाबलं की तार पुरती ओढली जायच्या ऐवजी कव्हरच सरकत होतं. नट कितीही आवळला तरी काय उपयोग?

"आधी नट सैल कर," भाऊ बाईंना सांगू लागले. "आता कव्हर मागे ओढ. अजून. बसलं? आता नट हळूहळू आवळ. सगळा नको गो, पेडल थोडं मोकळं राहू दे."

बाईंची बोटं काळी झाली, कपाळावर ग्रीसचा पट्टा उमटला. मी उतरून जागा दिली. त्यांनी गाडी सुरू केली, क्लच दाबला आणि एका बोटानं दांडा पुढे सारला. पहिला गिअर नुसता टुक् करून पडला. मग दुसरा. मग रिव्हर्स, आवाजाशिवाय.

"बसता?" बाईंनी विचारलं.

भाऊ पलीकडून वळसा घालून आले, दार उघडून बसले आणि उजव्या हातानं आपला डावा पाय उचलून आत घेतला. मी मागे बसले. आम्ही राजोडीच्या समुद्रापर्यंत गेलो आणि संपूर्ण रस्ताभर भाऊ बोलत होते. "उशिरा बदललास. आता लवकर. हॉर्न कशाला, म्हस आहे ती." बाई एरवी कुणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. त्या दिवशी प्रत्येक वाक्याला "बरं" म्हणत होत्या.

त्यानंतर भाऊ रोज गाडीतून निघू लागले. व्यायामाला, बाजारात, देवळात; वसईत चर्चला देऊळच म्हणतात. कधी शाळा सुटताना फाटकापाशी गाडीत बसून राहायचे आणि पोरांशी गप्पा मारायचे. बाई तक्रार करायच्या, "आता गप्पच बसत नाहीत हो!" अशी सुखाची तक्रार मी फार थोड्यांच्या तोंडून ऐकली आहे.

अशी काही वर्षं गेली आणि एका पहाटे भाऊ झोपेतच गेले. अंत्ययात्रा घरापासून देवळापर्यंत पायी जायची होती. पुतण्यानं बाईंसाठी रिक्षा बोलावली होती. बाईंनी ती परत पाठवली आणि गाडीची चावी घेतली. आजच्या दिवशी तुम्ही चालवू नका, असं सगळेच म्हणाले.

"रोज मीच घेऊन जाते त्यांना," बाई म्हणाल्या. "आज दुसऱ्या कुणाबरोबर कशाला जाऊ?"

मी त्यांच्या शेजारी बसले. पुढे खांद्यांवर शवपेटी, दोन्ही बाजूंना चालणारी माणसं आणि त्यांच्या पावलाला पाऊल लावून जाणारी ती लाल गाडी. पहिल्याच गिअरमध्ये, क्लच अर्धा सोडून, बाईंनी ती देवळापर्यंत नेली. त्यांचे डोळे सारखे भरून येत होते. पण वाटेत गाडीला एकदाही हिसका बसला नाही.