मंद प्रकाशातला फोटो

"थांब. अजून हलतंय."

लेझर चालू करण्याआधी बाई दोन्ही तळवे टेबलावर टेकवायच्या आणि डोळे मिटायच्या. मला काहीच हललेलं कळायचं नाही, त्यांना रस्त्यावरून गेलेली बसही कळायची. आमच्या कॉलेजच्या भिंतीपलीकडे, जुन्या गिरणीच्या जागेवर, टॉवरचं पायलिंग, म्हणजे पायाचे खांब ठोकणं, चाललं होतं. परळच्या त्या बाजूने तुम्ही गेला असाल तर ते धप्प धप्प तुम्हीही ऐकलं असेल. आमच्या प्रयोगाला केसाएवढा धक्का चालायचा नाही. म्हणून आम्ही रविवारी काम करायचो. पायलिंग बंद, कॉलेज बंद, खिडक्यांना काळं कापड. बाई फिजिक्सच्या प्राध्यापक, मी त्यांचा लॅब असिस्टंट.

प्रयोग काय आहे ते बाईंनी मला व्हरांड्यातल्या लाद्या दाखवून सांगितलं होतं. "ही नक्षी बघ. चार लाद्या पाहिल्यास की पुढची सांगता येते. आपली उजेडाची जाळी तशी नाही. तिच्यात नियम आहे, पण ती स्वतःला पुन्हा गिरवत नाही."

अशा जाळीला क्वाझीक्रिस्टल म्हणतात. आमच्याकडे खडीसाखरेच्या खड्याएवढा एक पारदर्शक स्फटिक होता. त्यात पाच बाजूंनी किरण सोडले की उजेड-अंधाराची तशी जाळी उमटायची. मग त्या जाळीत सहावा किरण सोडायचा. मंद असला तर तो पसरून जातो. पण पुरेसा प्रखर असला, तर ज्या स्फटिकातून जातो त्यालाच जरासा बदलतो आणि त्या बदलात अडकून एका जागी ठिपका होऊन राहतो. स्फटिकाला व्होल्टेज दिलं की तो बदल वाढतो. बाईंना तो ठिपका पाहायचा होता. चार वर्षं आम्हाला पडद्यावर नुसता धुरळा दिसत होता.

माझी आई लालबागच्या चाळीत जन्म घालवलेली, पण बोली कोकणातलीच. तिने एकदा विचारलं, "रविवारी पण कसला रे काम तुजा?" मी म्हटलं, उजेड एका जागी धरून ठेवायचाय. ती म्हणाली, "उजेड कित्याक धरूक व्हयो? खिडकी उघड, आपसूक येता."

हे सांगितल्यावर बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला.

मग बाईंना पोटाचा कॅन्सर निघाला. हॉस्पिटल कॉलेजपासून चालत पंधरा मिनिटांवर. रविवारी मी एकटाच प्रयोग करायचो आणि संध्याकाळी त्यांना जाऊन सांगायचो, "आज पण नाही, बाई."

"व्होल्टेज किती ठेवलंस? अजून वाढव."

मी हो म्हणायचो आणि वाढवायचो नाही. स्फटिकाला तडा गेला तर दुसरा कुठून आणायचा, ही भीती.

एका शनिवारी त्यांच्या धाकट्या बहिणीने मला बाहेर बोलावून सांगितलं, डॉक्टर म्हणतात, आता थोडेच दिवस. दुसऱ्याच दिवशी पडद्यावर ठिपका दिसला. लख्ख, एकाच जागी. मी किरण मंद करून पाहिला. ठिपका तिथेच, पसरला नाही. म्हणजे तो आमचा नव्हता. कशावरून तरी उलटून येणारा प्रकाश होता. मी प्रखर किरणाचा फोटो छापला. मंद किरणाचा ड्रॉवरमध्ये ठेवला.

बाईंनी फोटो दोन्ही हातांत धरला. बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "मंद प्रकाशातला कुठाय?"

"आणला नाही."

"काढला होतास ना?"

"ड्रॉवरमध्ये आहे."

"असं का केलंस रे?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"आणि वाटलं असतं," बाई हळूच म्हणाल्या, "तर तू काय केलं असतंस?"

त्यांनी फोटो पांघरुणावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी निघालो. त्या आठवड्यात पुन्हा जायची हिंमत झाली नाही.

पुढच्या रविवारी प्रकाश कुठून उलटतोय ते शोधून काढलं. एका भिंगाची धातूची कडा चमकत होती. तिला काळा कागद लावला, आणि बाई सांगत होत्या तसं व्होल्टेज वाढवलं. स्फटिकाला काही झालं नाही. मंद किरण जाळीत पसरला. प्रखर किरण आकसत आकसत ठिपका झाला. किरण बाजूला सरकवला, ठिपकाही सरकला. तिन्ही फोटो छापून मी हॉस्पिटलपर्यंत जवळजवळ धावत गेलो.

बाई सकाळपासून बेशुद्ध होत्या.

बहिणीने फोटो पाहिले. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. "चांगलं आलंय ना हो?"

"हो."

"मग सांगा की तिला. नर्स म्हणते, ऐकू येत असतं."

मी कानाशी वाकलो. आधी मंद सांगितलं, मग प्रखर, मग सरकवलेला. अगदी आकड्यांसकट सांगितलं. सांगताना एकच वाटत होतं, की ऐकू येत असलं तरी माझ्या शब्दावर आता त्या विश्वास कशाला ठेवतील?

मंगळवारी बाई गेल्या. बहिणीने ते तिन्ही फोटो रिपोर्टांच्या फायलीत, स्कॅनच्या कागदांमध्येच लावून ठेवले होते. ती फाइल घेऊन ती घरी गेली. मी ते परत मागितले नाहीत.