खांद्याची शिवण

मापताईंना माणूस दिसायच्या आधी त्याचं माप दिसायचं. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत छाती अडतीस, बाही साडेबावीस आणि डावा खांदा अर्धा इंच उतरलेला, एवढं त्यांच्या डोक्यात नोंदून झालेलं असायचं. खरं नाव काहीही असो, गल्लीतले लहानमोठे सगळे त्यांना मापताईच म्हणायचे आणि त्यांनाही ते नाव अंगाला बरोबर बसलं होतं.

घराच्या पुढच्या खोलीत दुकान. दोन मशिनं, एक कापायचं टेबल आणि खिडकीपाशी सासूबाईंची खुर्ची. सासूबाई काज-बटणं करायच्या आणि ऐकू येत नसल्याचं सोंग करून गिऱ्हाइकांचा शब्दन् शब्द टिपायच्या. काम मुख्यतः युनिफॉर्मचं. शहरातल्या तीन नर्सिंग कॉलेजांच्या मुलींचे पांढरे युनिफॉर्म गेली अकरा वर्षं याच खोलीत शिवले जात होते आणि उसवले-फाटले की दुरुस्तीला इथेच परत येत होते.

अशा या मापताईंनी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी एक दिवस जेवता जेवता जाहीर केलं, "मी नर्सिंगची पदवी घेणार आहे."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला पहिली काळजी ओझ्याची. "अगं, चार वर्षं? झेपेल का एवढा लोड?"

"तुमच्या लिफ्टपेक्षा कमी वेळा बंद पडते मी."

"आणि दुकान?"

"मी काय इथे शोभेला बसलेय?" सासूबाई म्हणाल्या. त्या वेळी त्यांना सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

खूळ तसं नवं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी युनिफॉर्मचा गठ्ठा पोचवायला मापताई हॉस्पिटलात गेल्या होत्या. वॉर्डात एका माणसाचा हात खांद्यापासून प्लास्टरमध्ये आणि त्याला हॉस्पिटलचा सदरा घालायची दोघांची खटपट चाललेली. तो बिचारा कळवळत होता. मापताईंना राहवलं नाही. पिशवीतली कात्री काढून त्यांनी सदऱ्याची बाही आणि बाजू पार खालपर्यंत उसवली, चार ठिकाणी नाड्या टाचल्या आणि माणसाला न हलवता सदरा चढवला. तो माणूस रडायलाच लागला. हॉस्पिटलचा कपडा कापला म्हणून सिस्टर त्यांना अद्वातद्वा बोलल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच सिस्टरनी आणखी सहा सदरे तसेच करायला पाठवले. त्या दिवसापासून मापताईंचं मन शिवणात पूर्ण रमलं नाही. कपडा चढल्यावर माणसाचं पुढे काय होतं, ते त्यांना बघायचं होतं.

अडचण एकच. दुसरा धंदा सोडून येणाऱ्यांचे अर्ज वयाच्या पंचेचाळिशीच्या आतच घेत. यंदा हुकलं की कायमचं हुकलं. तेव्हा कॉलेज निवडताना कात्री वाकडी चालून भागणार नव्हतं.

नणंद माहितीपत्रकं घेऊन आली. तिला असल्या कामात भारी उत्साह. "वहिनी, हे बघ, पंधरा महिन्यांत पदवी! घरबसल्या, फोनवर."

"इंजेक्शन पण फोनवरच द्यायचं का?" मापताईंनी विचारलं. या कॉलेजला त्या ओळखून होत्या. तिथून आजवर फक्त बारा युनिफॉर्मची ऑर्डर आली होती. जाहिरातीचा फोटो काढून झाला की तेच बारा पुढच्या वर्षीच्या बारा जणींच्या मापाला घट्ट-सैल करायला परत यायचे.

उरली दोन. एक काचेच्या इमारतीतलं, दुसरं जुन्या विटांच्या हॉस्पिटलला चिकटलेलं. दोन्हीकडे पदवी चार वर्षांचीच. काचेचं कॉलेज जागा द्यायला एका पायावर तयार होतं, फक्त शुक्रवारी पाचच्या आत होकार कळवायचा. विटांच्या कॉलेजात मापताईंसारख्यांसाठी जागा दोनच आणि मुलाखत त्याच शुक्रवारी दुपारी.

काचेच्या कॉलेजात नणंद त्यांना ओढतच घेऊन गेली. टाय लावलेला एक तरुण समोर आला. कोट भाड्याचा, बाही दीड इंच लांब, हे मापताईंनी दारातच टिपलं. तो म्हणाला, "आमच्याकडे पहिल्या महिन्यापासून प्रॅक्टिकल असतं, मॅडम."

"तिसऱ्या वर्षाची एखादी मुलगी भेटेल?"

"व्हिडिओ दाखवतो ना!"

व्हिडिओत एक मुलगी गोड हसत होती. मापताई म्हणाल्या, "छान आहे. हिचा खिसा जरा जवळून दाखवता का?"

त्यानं नणंदेकडे पाहिलं. नणंदेनं छताकडे पाहिलं. बाहेर आल्यावर ती फणकारली, "खिसा काय बघायचाय तुला?"

घरी येऊन मापताईंनी दुरुस्तीचा ढीग टेबलावर ओतला आणि नणंदेला समोर बसवलं. युनिफॉर्मच्या खिशावर वर्षाप्रमाणे निळ्या पट्ट्या असायच्या, पहिल्या वर्षाला एक, तिसऱ्याला तीन. काचेच्या कॉलेजचे तीन पट्ट्यांचे युनिफॉर्म कंबरेत आवळायला आलेले. खिसे आतून कोरे करकरीत. विटांच्या कॉलेजचे तीन पट्टीवाले मात्र बघवत नव्हते. खिशांचे कोपरे फाटलेले, आत पेनाची शाई, पोटावर औषधाचे पिवळे डाग, गुडघ्यांपाशी कापड विरलेलं.

"शी!" नणंद म्हणाली.

"तेच म्हणतेय मी," मापताई म्हणाल्या. "इथे मुली काम करतात."

"पण मुलाखतीत नाही घेतलं तर? तोवर पाच वाजून गेलेले असतील. दोन्हीकडून जाशील."

हे मात्र खरं होतं. मापताई रात्रभर कूस बदलत राहिल्या आणि शुक्रवारी दुपारी कुणाला ताकास तूर न लागू देता, स्वतः शिवलेला नवा ड्रेस घालून विटांच्या कॉलेजकडे निघाल्या. सासूबाईंनी बटण लावता लावता एवढंच विचारलं, "फाटक्या खिशांचंच ना?" म्हाताऱ्या बाईचे कान असे.

मुलाखतीला नऊ जण. मापताईंचा नंबर शेवटचा. आत बोलावलं तेव्हा भिंतीवरचं घड्याळ साडेचार दाखवत होतं. टेबलामागे प्राचार्या आणि बाजूला केस पांढरे झालेल्या, पेंगतायत की काय असं वाटणाऱ्या एक मोठ्या सिस्टर. कोपऱ्यातल्या खाटेवर शिकवण्यासाठी ठेवलेला माणसाएवढा, भरभक्कम बाहुला झोपलेला.

प्राचार्यांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे आमचे युनिफॉर्म शिवता त्या तुम्हीच! बरं झालं सापडलात. आमच्या मुलींचे खांदे सारखे उसवतात. तक्रार करायचीच होती. शिलाई कच्ची आहे तुमची."

मापताई मुलाखत विसरल्या. त्यांना आजवर कुणी आळशी म्हटलं असतं, भांडखोर म्हटलं असतं, ते त्यांनी हसून घेतलं असतं. कच्ची शिलाई मात्र कुणीच म्हटलं नव्हतं.

"शिलाई कच्ची असती तर सगळ्यांचीच उसवली असती," त्या ताडकन म्हणाल्या. "एका पट्टीवाल्यांचे खांदे उसवतात. दोन पट्टीवाल्यांचे क्वचित. तीन पट्टीवालीचा खांदा अकरा वर्षांत एकदाही माझ्याकडे आलेला नाही. दोरा तोच, मशीन तेच, हात माझाच."

"मग?"

"मग पहिल्या वर्षी या मुली पेशंटला कशाही ओढतात, खांद्यातून. आणि मधल्या दोन वर्षांत कुणीतरी त्यांना उचलायला शिकवतं. काचेच्या कॉलेजवाले माझ्यासाठी आज पाचपर्यंत जागा धरून आहेत, मॅडम. ती सोडून मी इथे आलेय ती त्या माणसाकडून शिकायला."

आपण जरा जास्तच बोललो, हे मापताईंच्या आता ध्यानात आलं. घड्याळात पावणेपाच झाले होते.

मोठ्या सिस्टर पेंगत नव्हत्या. त्या उठल्या आणि बाहुल्याच्या खाटेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "या. याला उशीकडे वर सरकवा बघू."

मापताई गेल्या. नजरेनंच छाती बेचाळीस, वजन सत्तरच्या आसपास असं माप घेतलं, बाहुल्याच्या दोन्ही बगलांत हात घातले आणि सगळा जीव लावून ओढलं.

टर्रर्र.

बाहुला जागचा हलला नव्हता. मापताईंच्या नव्याकोऱ्या ड्रेसची उजवी बाही खांद्यापासून अर्धी सुटून लोंबत होती. प्राचार्यांनी तोंडावर अर्ज धरला, पण अर्ज थरथरत होता.

"ड्रेस कुणी शिवलाय?" मोठ्या सिस्टरनी विचारलं.

"मीच," मापताई कशाबशा म्हणाल्या. लाजेनं त्यांचे कान गरम झाले होते. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं आणि ते येऊ नये म्हणून त्या बाहुल्याच्या नाकाकडे एकटक बघत होत्या.

"शिलाई पक्की?"

"एकदम पक्की."

"मग चूक कुणाची?"

"उचलण्याची," मापताई म्हणाल्या.

तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजायला लागला. काचेच्या कॉलेजचा टायवाला, पाचची आठवण करून देत असणार. मापताईंनी पर्सकडे पाहिलं, पण एका हातानं बाही धरलेली आणि दुसरा हात अजून बाहुल्याच्या बगलेत. वाजून वाजून फोन थांबला. त्यांनी तो वाजू दिला, हे प्राचार्या आणि मोठ्या सिस्टर दोघींनी पाहिलं.

मोठ्या सिस्टर जवळ आल्या. "हात वर," म्हणाल्या आणि खिशातून सेफ्टी पिन शोधायला लागल्या. खिशातून आधी कात्री निघाली, मग तीन पेनं, चिकटपट्टी, थर्मामीटर, गुंडाळलेलं बँडेज आणि सगळ्यात शेवटी पिन. ती लावायला त्या वाकल्या तशी मापताईंची नजर सवयीनं त्या खिशावर गेली. कोपरा फाटलेला होता. आधी दोनदा रफू केलेला, तोही दुसऱ्याच कुणाच्या तरी हातचा, अगदी गबाळा.

"सिस्टर, हा खिसा द्या माझ्याकडे," त्यांच्या तोंडून गेलंच. "उद्या संध्याकाळपर्यंत देते नीट करून."

मोठ्या सिस्टरनी पिन लावली, बाही ओढून पक्की बसल्याची खात्री केली आणि सामान एकेक करून परत त्याच फाटक्या खिशात भरलं.

"एवढी घाई काय आहे?" त्या म्हणाल्या. "चार वर्षं आहात की इथेच."