चिंचेखालून आप्पा उठले

कलगोंडा आप्पांनी दोन गोष्टी कधी चुकवल्या नाहीत. एक, दिवस मावळायच्या आत जेवण. दुसरी, जयवीर क्लबची फुटबॉलची मॅच. या दोन्ही एकाच वेळेला येतात हीच आपल्या संसारातली खरी अडचण, असं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई म्हणत.

आप्पा मूळचे निपाणीकडचे. जैन घर, तंबाखूची शेती. तरुणपणी तंबाखू विकायला म्हणून बेळगावला आले आणि खासबाग-वडगावच्या मधल्या रस्त्यावर दुकान घालून राहिले. एकदा कॅम्पात उधारीचा तगादा लावायला गेले असताना त्यांनी गोऱ्या सोल्जरांना चेंडूमागे पळताना पाहिलं. तगादा राहिला बाजूला. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी पायातल्या वहाणेनं अंगणातली विटी उडवून दाखवली आणि लक्ष्मीबाईंना विचारलं, "कळलं का?"

"विटी हरवली एवढं कळलं," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

वडगावात तेव्हा घरोघरी हातमाग. मागावर बसून बसून पाय आखडलेली पोरं संध्याकाळी गिरणीमागच्या माळावर चिंध्यांचा चेंडू लाथाडत. आप्पांनी त्यांना कॅम्पातून खरा चेंडू आणून दिला, मग हिरव्या पट्ट्यांचे अंगरखे शिवून घेतले, मग गोलाचे खांब. असं करत करत क्लब उभा राहिला आणि लोक आप्पांना मालक म्हणू लागले. चार-पाच वर्षांत पोरं इतकी तयार झाली की गावातल्या आणि कॅम्पातल्या मोठ्या संघांबरोबर पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळू लागली.

चेंडू मात्र कातड्याचा. लक्ष्मीबाईंनी तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. गोठ्याच्या आढ्याला पोत्यात टांगलेला असायचा, आणि आप्पाही त्याला बोट लावत नसत. मैदानावर यावरून चेष्टा चाले. बघ्यांत भरमा विणकर सगळ्यात मोठ्या घशाचा. तो विचारी, "आप्पा, हे कसलं मालक? चेंडूला हात लावत न्हाय!"

"फुटबॉलला हात लावायचाच नसतो रं भरमा," आप्पा म्हणत. "मला ठावं हाय, गोऱ्यांना बी ठावं हाय. तुलाच अजून कळंना."

मॅचच्या दिवशी दुपारी पोरं आप्पांच्या पडवीत जेवत. आमटी-भात, कांदा नाही, लसूण नाही, आणि वर खपली गव्हाची गूळ घालून शिजवलेली घट्ट हुग्गी. हुग्गीसाठी लक्ष्मीबाई पहाटेपासून गहू सडत. पोरं वाकून वाकून खात, नमस्कार करत आणि "आक्का, अशी हुग्गी कुठं मिळायची न्हाय" म्हणत. त्यातली निम्मी आदल्या दिवशी कॅम्पातल्या खाणावळीत मटण हाणून आलेली असत हे लक्ष्मीबाईंना वासावरून कळे. त्या बोलत नसत. मुलगी ब्राह्मी चिकोडीला सासरी गेल्यापासून घरात एवढं कुणी वाकून खाल्लं नव्हतं.

मैदानाच्या मावळतीच्या कडेला चिंचेचं मोठं झाड होतं. त्याच्याखाली पोतं अंथरून आप्पा बसत. चिंचेची सावली मैदानाच्या मधल्या रेघेला टेकली की ते हळूच उठत, पोतं झटकत आणि कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून झाडामागून वळसा घालून घरी जात. आभाळ आलं असेल आणि सावली पडली नसेल तर बगळे चिंचेवर परतले की उठत. घरी लक्ष्मीबाईंनी ताट वाढून ठेवलेलं असे. दिवस मावळायच्या आत हात धुऊन मोकळं व्हायचं, मग अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. जेवता जेवता मैदानाकडून आरडाओरडा आला तर जिंकलो, शांतता असली तर हरलो. आठ वर्षं आप्पांना निकाल असा ताटावर कळत आला.

आठव्या वर्षी जयवीर क्लबचं काही केल्या जमेना. दोन चांगली पोरं कामासाठी मुंबईला गेली. श्रावणात शेवटची मॅच आली तेव्हा हिशोब सोपा होता: बरोबरी झाली तरी पहिल्या डिव्हिजनमध्ये राहणार, हरलो तर खाली दुसऱ्यात.

त्या दिवशी एकेक गोल झाला होता. सगळं वडगाव माग बंद करून मैदानावर लोटलेलं. आभाळ भरून आलं, खानापूरकडून काळा ढग चढला, आणि बगळे एकामागोमाग एक चिंचेवर येऊन बसले. आप्पा उठले, पोतं झटकलं आणि घरी गेले.

घरी ताट तयार होतं. त्यांनी भाकरी मोडली, आमटीत कुस्करली, सावकाश जेवले, हात धुतले. ढग पुढं सरकला आणि पडवीत चांगलं पिवळं ऊन आलं. आप्पा उन्हाकडे बघत राहिले.

"आज लवकर आलात," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"बगळे आले हुते," आप्पा म्हणाले.

मैदानाकडून काही आवाज आला नाही. नंतर भरमाची बायको नागुबाई रस्त्यानं जाताना दिसली, तिला लक्ष्मीबाईंनी हाक मारली, तेव्हा कळलं. शेवटी दोन गोल बसले होते. जयवीर क्लब खाली गेला.

त्यानंतर वडगावात महिनाभर दुसरा विषय नव्हता. भरमाच्या घराच्या कट्ट्यावर रोज बैठक भरे आणि रोज आप्पांचं काहीतरी नवं निघे. कुणी म्हणे, मालकानं मॅच विकली. कुणी म्हणे, विकायला त्यात होतं काय, आमटी-भातावर पोरं पळणार किती? गोलकीपर ज्योतिबा, ज्यानं ते दोन गोल चढवून घेतले होते, तो सगळ्यात कडक. "हुग्गी खाऊन आंग जड झालं," तो म्हणे. "ऐन वक्ताला उडी पडंना." भरमाचं एकच पालुपद: "पळाला. हरतंय म्हणून बघितलं आन पळाला."

क्लबाच्या बैठकीत कुणीतरी तोंडावर बोललं, "अर्ध्यातनं उठून जाणारा मालक आमाला नको." आप्पा म्हणाले, "आठ वर्षं मी असाच उठतोय." दुसऱ्या दिवशी अंगरख्यांची पेटी आणि पोत्यातला चेंडू गाडीत घालून पाठवून दिला. मोटारी भाड्यानं देणारे मारुतीराव नवे मालक झाले. ते खुर्ची घेऊन मैदानावर येत आणि मनगटावर घड्याळ बांधत, पण वेळ कुणाला सांगत नसत.

आप्पांनी मैदान सोडलं. मॅचच्या दिवशी ते दुकानाच्या मागच्या खोलीत तंबाखूचे गठ्ठे या भिंतीचे त्या भिंतीला लावत बसत, पुढच्या वेळी पुन्हा त्या भिंतीचे या भिंतीला. दिवसाउजेडी निवांत जेवत. जेवताना कान मात्र मैदानाकडे. लक्ष्मीबाई वाढत आणि बघत. माणूस वाळत चालला होता. हुग्गी केली तर म्हणे, "कशाला उगीच, दोघांसाठी?" कट्ट्यावरून जावं लागू नये म्हणून देवळालाही लांबच्या रस्त्यानं जाई.

पुढचा ज्येष्ठ आला. दुसऱ्या डिव्हिजनच्या मॅचेस सुरू व्हायच्या होत्या. एका दुपारी नागुबाई ताक मागायला आली. लक्ष्मीबाईंनी लोटा भरला, पण हातात दिला नाही.

"नागुबाई, खरं सांग. तुझा नवरा आमच्या ह्यांना पळपुटा का म्हणतो? आठ वर्षं हे उठतच होते की. तेव्हा कुणी पळाला म्हणालं नाही."

"तवा येळेवर उठत हुते की, आक्का."

"म्हणजे?"

नागुबाईला आश्चर्य वाटलं. "तुमाला ठावं न्हाय? आप्पा उठले की मॅच सरत आली आसं सगळ्यांस्नी कळायचं. घड्याळ कुनाकडं हुतं तवा आमच्यात? रेफरीकडं एक, ते काय त्यो दावतोय? पोरं आप्पांकडं बघत खेळायची. जिंकत आसली, बरोबरीत आसली, तर आप्पा उठले की समदी मागं यिऊन गोल राखत बसायची. त्या दिशी आप्पा लई लवकर उठले. पोरांस्नी वाटलं, झालं आता. समदी मागं आली. शिट्टी हुईना, हुईना... किती येळ अडीवणार? ज्योतिबा दमला. घातले मग समोरच्यांनी दोन गोल."

"आणि हे ह्यांना कुणी सांगितलं का?"

"सांगायचं काय? त्येंना ठावं आसंल की. त्येंच्याच उठन्यावर तर चालायचं समदं."

लक्ष्मीबाईंनी लोटा दिला. मग त्या चुलीपुढे येऊन बसल्या. आठ वर्षं हा माणूस झाडामागून लपतछपत घरी येत होता, आणि सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं.

संध्याकाळी त्यांनी वाढता वाढता सगळं सांगितलं. आप्पांचा घास हातात राहिला.

"माझ्याकडं बघत हुते?"

"सगळे."

"मला वाटलं, कुणाला कळत न्हाई." त्यांनी घास खाली ठेवला. "मग ज्योतिबाची चूक न्हाई. भरमाची बी न्हाई."

"तुमची तरी कुठं आहे? बगळ्यांची आहे."

"बगळ्यांना कोण मालक म्हणत न्हाई," आप्पा म्हणाले. उजेड होता तोवर त्यांनी घास उचलला आणि जेवण पुरं केलं.

पहिल्या मॅचच्या दिवशी त्यांनी तंबाखूचे गठ्ठे हलवले नाहीत. डोक्याला पटका बांधला, पोतं काखेत मारलं. लक्ष्मीबाईंनी विचारलं, "ताट कधी वाढू?"

"तुझं तू जेव," म्हणाले आणि गेले.

चिंचेखाली पोतं अंथरताना भरमानं पाहिलं आणि मैदानभर ऐकू जाईल असं ओरडला, "आलं, माजी मालक आलं! घड्याळ दुरुस्त करून आनलं का न्हाय?"

लोक हसले. आप्पा खाली बसले. मारुतीराव खुर्चीतून वळून बघून पुन्हा पुढे बघू लागले.

जयवीर क्लबनं एक गोल केला. मग समोरच्यांनी दाब आणला. उजेड कमी होऊ लागला. चिंचेची सावली मधल्या रेघेला टेकली. ज्योतिबानं गोलातून मान वळवून चिंचेकडे पाहिलं. आप्पा बसलेले. सावली रेघेपलीकडे गेली. बगळे आले, वर फांद्यांत त्यांचं भांडण झालं आणि मिटलं. आप्पा बसलेलेच.

आता भरमाला राहवेना. जिंकत आलेली मॅच, आणि संपायचं चिन्ह नाही. तो वाकून चिंचेखाली आला. "आप्पा, उठा की वो आता. पोरं बघाय लागल्यात."

"न्हाई उठत."

"आवो, दिवस बुडाला!"

"बुडू दे."

"मग तुमचं जेवान?"

आप्पा मैदानाकडे बघत होते. आपल्याकडे बघून काही कळत नाही म्हटल्यावर पोरांनी बघायचं सोडलं होतं. मागे येऊन न बसता चेंडू पुढे पुढे नेत होती. शिट्टी झाली तेव्हा चेंडू समोरच्यांच्या गोलापाशी होता.

आप्पा उभे राहिले. गुडघे धरले होते. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडलेली, कुणी मातीत लोळणारं, दोन्हीकडचे खेळाडू एकमेकांचे हात हातात घेणारे, हे सगळं ते लहान पोरासारखे बघत राहिले. "रं भरमा," ते म्हणाले, "हरलेले बी हात मिळीवतात व्हय?"

"कायम मिळीवतात की. तुमी बघितलं न्हाय?"

"कधी बघणार? आठ वर्षं झाली. एकदाबी शेवट बघितला न्हाई मी."

मग पोतं भरमानंच झटकलं, त्यानंच काखेत मारलं, आणि आप्पांबरोबर चालू लागला. कट्ट्यावरून जाताना कुणीतरी काहीतरी बोललं, तेव्हा भरमा एवढंच म्हणाला, "गप बसा रं. मानूस उपाशी हाय."

दारात लक्ष्मीबाई उभ्या होत्या. त्या वेळेवर जेवल्या होत्या. त्यांनी तसं सांगितलंही. "मी का उपाशी राहू? मी काय गोल चढवून घेतले?" मग भरमाला म्हणाल्या, "तू बस. ह्यांच्या वाटणीची आमटी आहे. कांदा नाही त्यात, अंग जड झालं तर मला सांगू नको."

भरमा ओशाळून बसला आणि जेवला. आप्पा समोर भिंतीला टेकून बसले, पाणीही घेतलं नाही, आणि त्याला गोल कसा झाला ते पहिल्यापासून सांगू लागले. भरमानं तो पाहिला होता. तरी त्यानं मध्ये तोंड घातलं नाही.

जयवीर क्लब त्या वर्षी वर गेला नाही. पुढच्याही वर्षी नाही. ज्योतिबा अखेरपर्यंत म्हणत राहिला की आपल्याला आप्पांनी बुडवलं, आणि ते खोटंही नव्हतं. मालकी मारुतीरावांकडेच राहिली. आप्पा मात्र प्रत्येक मॅचला चिंचेखाली शेवटपर्यंत बसत आणि त्या रात्री उपाशी झोपत. लक्ष्मीबाईंनी फार बोलण्यात वेळ घालवला नाही. मॅचच्या दिवशी त्या पहाटे उठून गहू सडू लागल्या आणि भर दुपारी आप्पांच्या ताटात हुग्गी वाढू लागल्या, एक वाटी, मग दुसरी, आणि ते नको म्हणाले की तिसरी.