नातीनं केलेला चहा

शेजारी काल पाहुणे आले. त्यांची धाकटी पोर दोन्ही हातांत पाण्याचा पेला धरून, सांडू नये म्हणून पेल्याकडंच बघत चालली होती. मला ते बघवलं नाही.

माझ्या पोराला पोलिसांनी मारामारीत धरून नेलं. सून त्याच्या आधीच घर सोडून गेलेली. आठ वर्षांची नात, सोनी, माझ्याजवळ राहिली. तिला माझ्याकडं ठेवायचं का नाही, ते बघायला बालकल्याणच्या मॅडम आल्या. सोनीनं स्टोव्ह पेटवून चहा आणला.

"चहा कुणी केला गं?"

"मीच. भाकरी पण येते मला. गोल होत नाही फक्त."

मॅडम हसल्या. मला चेव आला. म्हटलं, "माझी म्हातारी वारल्यापासनं घर हीच बघते. मला कुठं काय येतंय!"

मॅडमचं हसू गेलं. त्या लिहीत बसल्या. आठवड्यात सोनी बालगृहात गेली.

आमच्यात पोरीचं कौतुक म्हणजे ती किती कामाची, ते सांगायचं. दुसरं कौतुक मला जमलंच नाही. बायकोचंही जन्मभर तेवढंच केलं. मॅडम काही वाईट नव्हत्या. सोनीच्या बोटांवरचे चटके त्यांना एका बैठकीत दिसले. मी रोज त्याच हातचं खात होतो.

परवा भेटायला गेलो. सोनी कानाशी येऊन म्हणाली, "आबा, त्या दिवशी चहात साखर कमी पडली का रं?"

"नाही गं, बरोबर झाला होता," म्हटलं. चुकलो मी, हे काही तोंडातनं निघालं नाही.