हजेरी पूर्ण

माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, नव्वदी ओलांडून जगले; पण एवढ्या मोठ्या आयुष्यात ते कुठं नीट बसले, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस अख्ख्या उमरगा तालुक्यात सापडला नसता. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. आप्पा चहा उभ्यानं पीत, दाढी उभ्यानं करून घेत, आणि बिचारा न्हावी वस्तरा धरून त्यांच्या मागं मागं अंगणभर फिरे. जेवायला पाटावर टेकलेच तर एक गुडघा कायम उभा, शर्यतीत शिट्टीची वाट बघणाऱ्यासारखा. आई तव्यावरची भाकरी काढून वळेपर्यंत पाट रिकामा. ‘अहो, भाकरी!’ ‘दे की हातात, वाटेत खातो.’ ही वाट म्हणजे ओसरीपासून अंगणातल्या तट्टापर्यंतची. लग्नाला गेले तर पहिल्याच मंगलाष्टकाला मुठीतल्या सगळ्या अक्षता टाकून मोकळे होत. आम्ही कर्नाटकाच्या कडेची माणसं, त्यामुळे घरात अर्धं कानडी चाले. ‘होगोण’, म्हणजे चला, निघू या, हा शब्द आप्पा श्वासासारखा घेत आणि सोडत.

ते कापड विकत, पण दुकान म्हणून नव्हतं. तट्टाच्या पाठीवर लुगड्या-धोतरांची गाठोडी, हातात कापड मोजायचा लोखंडी गज, आणि आज या गावचा बाजार तर उद्या त्या. सोमवार, मंगळवार हे त्यांच्या हिशेबी नव्हतेच. प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या गावाचा होता. शाळेत नाव घालताना मास्तरांनी माझा जन्म कधीचा विचारलं, तर म्हणाले, ‘मुरूमचा दिवस व्हता बघा, सकाळची येळ. दुपारी म्या बाजारात.’

निजामाचं राज्य होतं, त्यामुळे शाळा उर्दू. मला ती आवडायची. पण मी पाटी घेऊन निघाले की वाटेत नेमकं आप्पांचं तट्टू आडवं यायचं. ‘अव्वा,’ (मुलीला आमच्याकडे लाडानं असंच म्हणतात) ‘आज नळदुर्गला चल. शाळा काय, हितंच हाय, कुठं पळून चाललीय?’ मग मी गाठोड्यांवर बसून नळदुर्गला. मास्तर एकदा घरी येऊन म्हणाले, ‘मुलगी हुशार आहे असं ऐकतो. एकदा बघायची इच्छा आहे.’

तुमची ही आजी, जी तुम्हाला फोनवरसुद्धा ठरल्या वेळेच्या आधी पाच मिनिटं तयार दिसते, ती अशी वाढली. पुढचं आता नीट क्रमानं सांगते.

निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षी आमच्याकडच्या रस्त्यांवर हत्यारबंद टोळ्या फिरू लागल्या. आप्पांनी एका पहाटे आईला आणि मला तट्टू जुंपलेल्या गाडीत घालून हद्दीपलीकडं सोलापूरला आणलं. एक खोली मिळाली. तिच्यात आप्पा इतके फिरले, की खालचे भाडेकरू विचारायला आले, वर जातं मांडलंय का. मला इंग्रजी शाळेत घालायचं त्यांनी ठरवलं. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, ‘हद्दीपलीकडून पुष्कळ मुली आल्यात, जागा एकच उरलीय. आधीच्या शाळेचा दाखला आणा. आणि हजेरी कमी असेल तर मला घेता यायचं नाही.’

दाखला होता उमरग्यात. आई म्हणाली, ‘एका कागदापायी जीव घालवताव व्हय?’

‘परवा उमरग्याचा बाजार हाय,’ आप्पा म्हणाले. ‘बाजाराला माणूस जातोच की.’

ते तट्टू घेऊन गेले. चौथ्या दिवशी यायचे, ते आले नाहीत. पाचव्या दिवशीही नाहीत. आई चुलीपुढं नुसती बसून राही, आणि मी खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. त्या दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की फिरणाऱ्या माणसाच्या पोटात काय चाललेलं असतं.

आठव्या दिवशी जिन्यात गजाचा आवाज आला. आप्पा पायी आले होते, टाचा फुटलेल्या. ‘तट्टू कुठं?’ आईनं विचारलं. ‘ठिवून घेतलं नाक्यावर. त्यालाबी जरा बसू दे.’ आणि पटक्याच्या घडीतून त्यांनी दाखला काढला.

मी तो वाचला. उर्दूत दोनच ओळी होत्या. वागणूक ठीक. हजेरी फार कमी.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी कागद उलटासुलटा केला. ‘मला उर्दू येत नाही. मुली, तूच वाच बरं.’ मी कागद हातात घेतला. इतक्यात आप्पांनी कागद घेतला, फुटक्या टाचा जुळवून खांबासारखे ताठ उभे राहिले आणि वाचू लागले, ‘मुलगी अतिशय हुशार. वागणूक नम्र. हजेरी पूर्ण. एक दिवस चुकली नाही.’

बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. ‘दोन ओळींत एवढं सगळं?’

‘उर्दू लई दाट असतं, बाई.’

बाईंनी त्यांच्या पायांकडं पाहिलं, माझं नाव लिहून घेतलं आणि कागद परत दिला. बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, ‘अव्वा, आता हे खरं करायचं काम तुझं.’ तेव्हापासून मी शाळा चुकवली नाही, कॉलेज नाही, नोकरीचा दिवस नाही. माझ्या वेळापत्रकाला तुम्ही हसता, ते तिथून आलंय.

शेवटी आप्पांनी अंथरूण धरलं. माणूस आडवा, पण चादरीखाली टाचा चालूच. माझी मुलं म्हणत, ‘आजोबा बाजाराला निघाले.’ दिसणं बंद झालं होतं. एका दुपारी त्यांनी तो दाखला मागितला. ‘वाच, अव्वा.’

मी घडी उलगडली. त्याच दोन ओळी. मी वाचलं, ‘मुलगी अतिशय हुशार. वागणूक नम्र. हजेरी पूर्ण. एक दिवस चुकली नाही.’

चादरीखालचे पाय थांबले. ‘बघ,’ ते म्हणाले, ‘म्या तवाबी बरोबरच वाचलं व्हतं.’

थोड्या वेळानं टाचा पुन्हा हलू लागल्या. ‘होगोण?’ त्यांनी विचारलं. जन्मभर ते सांगत आले होते. विचारलं त्या दिवशीच.

‘बसा की, आप्पा, जरा,’ मी म्हटलं.

माझ्यासाठी ते थांबले. संध्याकाळपर्यंत.