कामिनोसावाचा एकमेव गावकरी

फुमि हायासाका त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. युद्धात टोकियोतले घर जळाल्यावर त्यांच्या आईवडिलांनी होक्काइदोत सरकारने वाटलेली रानजमीन घेतली. त्यांच्यासारख्याच बेघरांनी जंगल तोडून कामिनोसावा वसवले. थंडीने पिके टिकू दिली नाहीत, आणि पिढी सरण्याआधी सारे परतले. शाळेचा चौथराही आता रानात सापडत नाही. स्मशान तेवढे उरले. त्यातूनही बहुतेकांनी आपल्या माणसांच्या अस्थी शहरातल्या देवळांत हलवल्या.

फुमिंच्या धाकट्या भावाचे थडगे मात्र तिथेच राहिले. तो त्या गावात जन्मला होता आणि दोन वर्षांचा होऊन तिथेच गेला.

फुमिंनी टोकियोच्या एदोगावा भागातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढले. लग्न केले नाही. आपल्यामागे भावाकडे पाहणारे कोणी नाही, म्हणून त्याला टोकियोच्या देवळात आईवडिलांच्या अस्थींजवळ ठेवावे असे त्यांनी ठरवले. गेल्या शरदात त्या निघाल्या, तेव्हा शेजारच्या सुनेत्रा सोबत गेल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे सुनेत्रा पुण्याहून एदोगावात आल्या आहेत.

थडगे उघडायला पाथरवट आला होता. फुमिंनी दगड धुतला, भाताचे दोन गोळे ठेवले. सुनेत्रा सवयीने मागे सरून थांबल्या. कशाची वाट पाहतेस, असे फुमिंनी विचारल्यावर त्यांनी कावळ्याविषयी सांगितले: तो शिवला, की मृताची इच्छा उरली नाही असे आमच्यात मानतात.

"इथे कावळ्याआधी अस्वल येईल," फुमि म्हणाल्या. "त्याला तूही चालशील." त्यांनी गोळे उचलून पिशवीत टाकले. मग विचारले, "तुझी लेक सई स्वतःला कुठली म्हणते?"

"एदोगावाची. पुण्याला नेले, की घरी कधी जायचे म्हणून विचारते."

फुमि दगडाकडे वळल्या. गावातली मोठी माणसे बाहेरून आली होती. परत जायला त्यांना कुठेतरी गाव होते. या मुलाला दुसरे गाव नव्हते. त्यांनी पाथरवटाला पहार गाडीत ठेवायला सांगितली.

"हा इथला आहे. आईबाबांनाच इकडे आणू."

त्यांना ते आवडेल का, असे सुनेत्रांनी विचारले. वडिलांना ही जमीन कधीच आवडली नव्हती, फुमि म्हणाल्या. पण मुलाला इथे ठेवून जाणेही त्यांना आवडले नव्हते.

यंदा आईवडिलांच्या अस्थी तिकडे हलवल्या. पुढे पाहणारे कोणी नाही, हे तसेच राहिले. दगडावर फुमिंनी आपलेही नाव कोरून घेतले आहे. तिकडे जिवंत माणसाचे रंगवतात तसे, लाल रंगात.